लिनक्समध्ये पॅकेज इन्स्टॉल होताना मागे कोणत्या स्क्रिप्ट चालतात?

फोनवर ॲप टाकताना आपण ‘इन्स्टॉल’ दाबतो आणि वाट बघतो. उबुंटू किंवा डेबियनवरही वरवर तसंच दिसतं. पण इथे फाइल्स कॉपी होतात, त्यासोबत पॅकेज बनवणाऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टही चालतात, आणि त्याही रूटच्या अधिकाराने. म्हणजे त्या तुमच्या सिस्टिममध्ये काहीही बदलू शकतात.

चार स्क्रिप्ट

डेब पॅकेजमध्ये या स्क्रिप्ट असू शकतात:

- प्रीइन्स्ट: फाइल्स टाकण्याआधी चालते.
- पोस्टइन्स्ट: फाइल्स जागेवर गेल्यावर चालते. युजर तयार करणं, सर्व्हिस सुरू करणं ही कामं इथे होतात.
- प्रीआरएम: पॅकेज काढण्याआधी चालते.
- पोस्टआरएम: काढल्यानंतरची साफसफाई करते.

एपीटी पॅकेज डाउनलोड करतो, पण या स्क्रिप्ट डीपीकेजी चालवतो. स्क्रिप्टने शेवटी 0 परत दिला तर काम झालं. दुसरा कुठलाही आकडा आला तर ती चूक समजली जाते. पोस्टइन्स्टमध्ये असं झालं तर पॅकेज अर्धवट कॉन्फिगर राहतं.

काम बॅकग्राउंडला टाकलं तर?

नोकरीत पहिलं डेब पॅकेज बनवताना मी नेमकं हेच केलं. पोस्टइन्स्टमधून एक मोठी डेटा फाइल डाउनलोड करायची होती. वेळ लागू नये म्हणून ओळीच्या शेवटी & टाकलं. माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं. सहकाऱ्याकडे नेट मध्येच गेलं. फाइल अर्धवट, तरी इन्स्टॉल यशस्वी! कारण डीपीकेजी फक्त मूळ स्क्रिप्ट संपायची वाट बघतो. मागे सोडलेल्या प्रोसेसचं काय झालं, हे तो बघत नाही.

उलटही होतं. पॅकेज डेबकॉन्फमधून प्रश्न विचारत असेल, तर मागची प्रोसेस स्क्रिप्टचं आउटपुट उघडंच धरून ठेवते. डेबकॉन्फला वाटतं स्क्रिप्ट अजून चालू आहे, आणि इन्स्टॉल अडकून बसतं.

पोस्टइन्स्टमधून एपीटीने दुसरं पॅकेज टाकायलाही जाऊ नका. डीपीकेजीचं लॉक तेव्हा आधीच लागलेलं असतं. ते पॅकेज डिपेंडन्सी म्हणून लिहा.

मग योग्य पद्धत कोणती?

लांबलचक काम सिस्टिमडीच्या सर्व्हिसला द्या. पोस्टइन्स्टने ती फक्त सुरू करून द्यायची. काम फसलं तर जर्नलमध्ये नोंद राहते, आणि तसं सेट केलं असेल तर सर्व्हिस पुन्हा प्रयत्नही करते. मी शेवटी तेच केलं.

तुम्ही काय तपासाल?

- इन्स्टॉल झालेल्या पॅकेजच्या स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो या फोल्डरमध्ये दिसतात. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचा.
- अनोळखी साइटवरून डेब फाइल घेतली असेल, तर टाकण्याआधी डीपीकेजी-डेबने तिच्या स्क्रिप्ट बाहेर काढून बघा.
- इन्स्टॉल मध्येच तुटलं तर लॉक फाइल डिलीट करू नका. डीपीकेजीला राहिलेली सगळी पॅकेजेस कॉन्फिगर करायला सांगा. त्यासाठी ‘कॉन्फिगर’ हा पर्याय आहे.

फोनवर टर्मक्स वापरत असाल तर तिथेही एपीटी आणि डीपीकेजीच आहेत. फरक एवढाच, की तिथे स्क्रिप्टला रूट मिळत नाही, टर्मक्स ॲपला जेवढी परवानगी आहे तेवढीच मिळते. पण स्टोरेजची परवानगी दिली असेल, तर तुमचे फोटोही त्यात आले.