करकरणारा झोपाळा

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ला फिल्मफेअरचे एकच पारितोषिक मिळाले. ते दिग्दर्शक रमेश सिप्पींना नव्हते, संगीतकार राहुल देव बर्मन यांनाही नव्हते. ते होते संकलक एम. एस. शिंदे यांना. संवाद तोंडपाठ असणाऱ्यांनाही हे मराठी नाव सहसा आठवत नाही.

चित्रित झालेली फिल्म सुमारे ३ लाख फूट होती. प्रेक्षकांपुढे आली ती साधारण १८ हजार फूट. या कापाकापीत काय ठेवले यापेक्षा काय दाखवायचे नाकारले, यातच ‘शोले’मधल्या भीतीचे मर्म आहे, असे मला वाटते.

ठाकुराच्या कुटुंबाचे हत्याकांड पाहा. असा प्रसंग त्या काळी व्हायोलिनच्या कल्लोळात बुडवण्याची रीत होती. इथे वाद्ये मागे सरतात आणि उरते झोपाळ्याची करकर. गोळी लागते, माणूस कोसळताना चित्र क्षणभर गोठते. प्रेक्षकाला सुटका नाही. शेवटी एक लहान मूल उरते. गब्बर बंदूक रोखतो, आणि पडद्यावर एकदम रेल्वेगाडी! ठाकूर सुट्टीवर घरी येतो आहे. मुलाचा मृत्यू आपण पाहिलेलाच नसतो, आणि तरी तो पाहिल्याची शपथ घेणारे मला भेटले आहेत.

अहमदच्या बाबतीतही तेच. गब्बर हातावर चढलेली मुंगी चिरडतो. पुढे गावात येतो तो प्रेत वाहणारा घोडा. हत्या केली ती कात्रीने.

गब्बरचा प्रवेशही आधी कानांवर होतो. खडकावर बूट वाजतात, पट्टा फरफटतो, आणि मागून बर्मन यांचा तो अंगावर काटा आणणारा, सुरात न बसणारा आवाज. सहा गोळ्यांपैकी तीन हवेत झाडून तो पिस्तुलाचे चक्र फिरवतो, आणि तिघांच्याही कपाळी रिकामा घोडा वाजतो. मग हशा. तो एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर पसरत जातो, आपल्यालाही हसू येऊ लागते (याची लाज नंतर वाटते). शिंदे हा हशा लांबवत नेतात, गरजेपेक्षा थोडा जास्तच. तो विरतो, शांतता होते, आणि तीन गोळ्या सुटतात.

शांतता अशी ऐकू यायची तर ध्वनिमिश्रण तितकेच जाणते हवे. ते काम ‘राजकमल’चे मंगेश देसाई यांचे. पुढे ‘शोले’चे संवाद ध्वनिमुद्रिकेवर आले आणि घरोघरी वाजले. करकरणाऱ्या झोपाळ्यासाठी मात्र चित्रपटगृहातच जावे लागे.