पंखाची भूमिती आणि विमानाचा इतिहास

विमानाच्या शोधाविषयीची मराठीतील चर्चा बहुधा ‘प्रथम कोण उडाले’ या वादाभोवतीच फिरत राहिली आहे. वस्तुतः त्याआधीचा प्रश्न अधिक मूलगामी आहे : हे यंत्र कोणत्या अवयवांचे मिळून बनते, आणि ते अवयव परस्परांपासून वेगळे असे केव्हा कल्पिले गेले?

पक्ष्याचे पंख एकाच वेळी दोन कामे करतात. शरीर हवेत तोलून धरतात आणि पुढेही रेटतात. पक्ष्याचे अनुकरण करू पाहणाऱ्यांना ही दोन कामे विलग करणे दीर्घकाळ साधले नाही. इंग्लंडमधील सर जॉर्ज केली यांनी १७९९ साली चांदीच्या लहानशा चकतीवर एका बाजूस पंखावरील प्रेरणांची आकृती कोरली, तर दुसऱ्या बाजूस स्थिर पंख, होडीसारखे धड आणि मागे शेपूट असलेले यंत्र. गतीसाठी वल्ह्यांची निराळी योजना होती. ती वल्ही व्यवहारात निरुपयोगीच होती. परंतु तोलणे पंखाकडे, रेटणे दुसऱ्या साधनाकडे आणि स्थैर्य राखणे शेपटीकडे, ही कामांची वाटणी आजच्या प्रवासी विमानापर्यंत टिकून आहे. १८०४ मधील त्यांच्या प्रतिकृतीला पंख म्हणून चक्क पतंग बसविलेला होता आणि शेपूट हवी तशी वळविता येत होती.

अवयव ठरले तरी पंखाची योग्य मापे हाती येण्यास आणखी शतक लागले. राइट बंधूंच्या १९०१ च्या ग्लायडरचे पंख २२ फूट लांब व ७ फूट रुंद होते. त्यांना अपेक्षेहून फारच कमी उचल मिळाली. तेव्हा उपलब्ध कोष्टकांवर न विसंबता त्यांनी डेटन येथे लाकडी वातबोगदा उभारून पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने तपासले. १९०२ चे पंख ३२ फूट लांब व ५ फूट रुंद झाले; म्हणजे लांबीचे रुंदीशी प्रमाण तिपटीवरून सहापटीपलीकडे गेले. पंखाखालची अधिक दाबाची हवा टोकाकडून वर वळते व तेथे भोवरे उठतात. लांब आणि अरुंद पंखात या हानीचा वाटा घटतो. १९०३ च्या उड्डाणाचे श्रेय लोक इंजिनाला देतात, पण खरी लढाई या मापांवर आधीच जिंकली गेली होती.

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडविल्याच्या कथेकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की या कथेत पंखांची लांबी-रुंदी नाही, शेपटीची रचना नाही आणि तिला विश्वसनीय समकालीन पुरावाही नाही. प्राचीनतेच्या दाव्यासाठी पुढे केल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली छाननी केली. त्यातील एकाही रचनेत उडण्याची क्षमता नाही आणि ग्रंथ विसाव्या शतकापूर्वीचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ग्रंथासोबतची विमानांची चित्रे बंगळूरच्याच एका आरेखकाने १९२३ मध्ये काढलेली आहेत. तोपर्यंत तळपदे यांच्या निधनाला सात वर्षे झाली होती.