डर्कमचा आजार

त्वचेखालच्या चरबीत सतत दुखत राहणे हे प्रमुख लक्षण असलेला दुर्मीळ आणि चिवट विकार. तो बहुतेक वेळा पस्तिशी ते पन्नाशीतल्या स्थूल स्त्रियांना होतो, पुरुषांना क्वचित. स्थूलपणा आणि चरबीतच तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले दुखणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की या आजाराची शंका घेतली जाते.

फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ फ्रान्सिस झेवियर डर्कम (१८५६–१९३१) यांनी अशा रुग्णाची पहिली नोंद १८८८ मध्ये केली. १८९२ मध्ये तीन स्त्रियांची हकिगत मांडून हा वेगळाच विकार आहे असे त्यांनी ठासून सांगितले. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना १९१९ मध्ये पक्षाघात झाला, तेव्हा उपचार करणाऱ्यांत हेच डर्कम होते. १९०१ मध्ये फ्रान्समधील रू आणि व्हितो यांनी लक्षणांची चौकट आखली : दुखऱ्या गाठी, लठ्ठपणा, थकवा आणि मानसिक अस्वस्थता. यातल्या शेवटच्या लक्षणाने रुग्णांचे भले कमी आणि नुकसानच जास्त केले असावे. रात्रंदिवस दुखणाऱ्या माणसाची झोप उडणारच; त्यासाठी त्याच्या मनाला दोष कशाला?

चरबीची पेशी स्वतः दुखत नाही. पेशींच्या पुंजक्यांमधून संयोजी ऊतकाचे पातळ पडदे जातात आणि त्यांत रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. दुखणे जाणवते ते या तंतूंमुळे. म्हणूनच दंडावरची साधी चरबीची गाठ वर्षानुवर्षे असूनही सहसा त्रास देत नाही, तर रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ दाबताच ठणकते. डर्कमच्या आजारात हे तंतू का चेततात याचा उलगडा झालेला नाही. दाह, चेतातंतूंवरचा दाब, लसीकावाहिन्यांतील बिघाड, संप्रेरके अशी अनेक कारणे सुचवली गेली. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, पण बहुतेक रुग्ण एकेकटेच आढळतात.

रक्ताच्या कुठल्याही तपासणीत हा आजार सापडत नाही. डॉक्टरांना हातानेच शोधावे लागते : पोट, दंड, मांडी, गुडघ्याची आतली बाजू इथली चरबी चिमटीत धरून पाहिली की कुठे हरभऱ्याएवढ्या तर कुठे मुठीएवढ्या गाठी लागतात, किंवा गाठ नसतानाही सगळा भाग हुळहुळा असतो. परकराची नाडी किंवा ब्रेसियरचा पट्टा जिथे रुततो तिथे विचारपूस केली की पुष्कळ कळते. ‘वजन कमी करा’ एवढेच सांगून रुग्णाला वाटेला लावणे सोपे असते. मात्र वजन उतरले तरी दुखणे बहुधा थांबत नाही.

निदानापूर्वी मिळतेजुळते विकार वगळावे लागतात. १९४० मध्ये मेयो क्लिनिकमधील ॲलन आणि हाइन्स यांनी वर्णन केलेल्या लिपेडेमात दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखेच जाड होतात, पावले मात्र जशीच्या तशी राहतात. नडगीवर लाल, गरम, दुखऱ्या गाठी उठल्या तर तो चरबीचा दाह असू शकतो. अशा वेळी भारतात क्षयाची तपासणी टाळता येत नाही. कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेतही तापासह दुखऱ्या गाठी येतात. त्यावर प्रेडनिसोलोनसारखी औषधे लागतात आणि कुष्ठरोगाचे उपचार चालूच ठेवावे लागतात.

डर्कमच्या आजाराला मुळापासून बरे करणारा उपाय नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अनेकांना पुरत नाहीत. शिरेतून दिलेल्या लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाने काहींना काही तास, काहींना कित्येक आठवडे आराम पडतो. मात्र या औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होत असल्याने ते रुग्णालयात, ईसीजीवर लक्ष ठेवूनच देतात. लिडोकेनच्या पट्ट्या आणि प्रिगॅबॅलिनही वापरले जाते. एखादीच गाठ फार सतावत असेल तर ती कापून काढता येते, पण शेजारी नवी उगवू शकते. चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्वीडनमधल्या एका अभ्यासात रुग्णांचे दुखणे कमी झाले, परंतु काही वर्षांत हा फायदा ओसरत गेला.