गडकरी, राम गणेश

गडकरी, राम गणेश : (२६ मे १८८५–२३ जानेवारी १९१९). मराठी कवी, नाटककार व विनोदकार. कवितेसाठी ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखनासाठी ‘बाळकराम’ ही टोपणनावे. जन्म नवसारीचा, म्हणजे दक्षिण गुजरातेतला. वडील लवकर गेले. शिक्षण पुण्यात झाले, पण फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी न घेताच ते बाहेर पडले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांचे मास्तर झाले. पदवी हुकली याचे फारसे वाईट वाटायला नको. नाटक पडद्यामागून कसे चालते, टाळी कुठे पडते, हे त्यांना इथेच उमगले. नाट्यलेखनात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानत, कवितेत केशवसुतांना.

त्यांना ‘महाराष्ट्राचे शेक्सपिअर’ म्हणण्याचा प्रघात आहे. शेक्सपिअर मराठीला तोवर नवा नव्हता : महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्ये आले, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये, देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० मध्ये. ही रूपांतरे होती. गडकऱ्यांनी कथानके स्वतःची घेतली. खलपुरुषाला नायकाइतके वजन देणे, शोकाच्या शेजारी विनोद बसवणे आणि गद्यालाही काव्याचा फुलोरा देणे या खुणा मात्र तिकडच्या. ‘पुण्यप्रभाव’मधला वृंदावन आणि ‘भावबंधन’मधला घनश्याम ही याची ठळक उदाहरणे. उपमा विशेष ताणायची मात्र नाही. शेक्सपिअरला बावन्न वर्षांचे आयुष्य मिळाले, गडकऱ्यांना तेहतीसच. पूर्ण झालेली मोठी नाटके चार. शिवाय त्यांच्या नाटकांतली बहुतेक पात्रे गडकऱ्यांच्याच भाषेत बोलतात. कोट्या, अनुप्रास आणि उत्प्रेक्षा यांची आतषबाजी सुरू झाली की तोंड कुणाचे आहे याचा विसर पडतो.

याला अपवाद ‘एकच प्याला’ या नाटकाचा. बुद्धिमान वकील सुधाकर अपमानाच्या भरात तळीरामाच्या आग्रहाने पहिला प्याला घेतो आणि तिथून संसार घसरतो तो सावरत नाही. एकीकडे तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ प्रेक्षकांना हसवत असते. दुसरीकडे सुधाकरची पत्नी सिंधू पोटासाठी जात्यावर दुसऱ्यांची दळणे दळत असते. दारूच्या धुंदीत सुधाकरच्या हातून तान्हे मूल मरते, मग सिंधू जाते, मग तो स्वतः. संगीत नाटक गोड शेवटाला सोकावलेले असण्याच्या काळात हे धाडसच होते. नाटक रंगभूमीवर आले ते गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला. प्रयोग गंधर्व नाटक मंडळीचा. पदे वि. सी. गुर्जरांनी लिहिली. स्त्रीभूमिकांतल्या भरजरी शालूंसाठी ओळखले जाणारे नट बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले आणि लोकांनी तेही डोक्यावर घेतले.

‘प्रेमसंन्यास’ (विषय विधवाविवाहाचा) हे आधीचे नाटक. त्यातला विसरभोळा गोकुळ मूळ कथेपेक्षा जास्त लक्षात राहतो. ‘भावबंधन’ त्यांनी क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, नागपूरजवळच्या सावनेर येथे पुरे केले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. बळवंत संगीत मंडळीच्या प्रयोगांत दीनानाथ मंगेशकरांची लतिकेची भूमिका गाजली. ‘वाग्वैजयंती’ हा कवितासंग्रहही मरणोत्तर निघाला. प्रेमभंग आणि मृत्यू हे त्यातले हुकमी विषय. ‘राजहंस माझा निजला’ ही मुलाच्या मृत्यूवरची कविता त्यांतली सर्वांत संयत म्हणावी लागेल. ‘ठकीचे लग्न’सारख्या विनोदी लेखांत हाच हात कमालीचा मोकळा होतो. आचार्य अत्रे स्वतःला त्यांचे शिष्य म्हणवीत.

‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. त्यातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरून पुढे वाद पेटला आणि जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. ठाण्यातील राम गणेश गडकरी रंगायतन (१९७८) हे त्यांच्या नावाचे नाट्यगृह.