पायातला बूट, पाण्यातला बूट

पावसाळ्यात अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात लाईट जाते आणि आली की कुणीतरी म्हणतंच, ‘थांब जरा, बूट होऊ दे.’ वायफायचा डबा असो की सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, अशा पेट्यांच्या पोटात बहुधा छोटं लिनक्स बसवलेलं असतं आणि लाईट आली की ते पहिल्यापासून उभं राहतं. या उभं राहण्याला मराठीने ‘बूट होणे’ म्हटलं. ‘चालू होणे’ हाताशी होतं, पण ते पंख्यालाही लागतं. पंखा चालू होतो, बूट होत नाही. हा फरक लोकांनी कुणी न शिकवता ओळखला.

शब्द मुळात पायातलाच. उंच बुटाच्या मागच्या कडेला चामड्याची एक पट्टी शिवलेली असते, तिच्यात बोट अडकवून बूट वर ओढायचा. ही पट्टी म्हणजे बूटस्ट्रॅप. ती ओढून स्वतःलाच जमिनीवरून उचलणे, हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशक्य गोष्टीचा विनोद होता. थापांच्या गोष्टींतला बॅरन मंचहाउझेन असाच बुटाच्या पट्टीने दलदलीतून वर आला, असं ठिकठिकाणी छापलेलं सापडतं. त्यावर विश्वास ठेवू नये. ब्यूर्गरच्या १७८६ च्या जर्मन पुस्तकात बॅरन स्वतःची वेणी धरून घोड्यासकट बाहेर येतो, बुटाचा तिथे काही संबंध नाही.

आपल्याकडे हा विनोद फार आधी आणि फार गंभीरपणे झालेला आहे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात देहालाच आत्मा मानणाऱ्या लोकायतिकांना उत्तर देताना शंकराचार्य म्हणतात, नट कितीही शिकलेला असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढणार नाही. १९५० च्या दशकातल्या संगणकवाल्यांपुढे नेमका हाच पेच होता. प्रोग्रॅम वाचायला यंत्राला आधी एक प्रोग्रॅम हवा, आणि स्मृती तर कोरी. त्यांनी या पेचाला ‘बूटस्ट्रॅप’ म्हटलं, पुढे पट्टी गळाली आणि नुसता बूट उरला.

शंकराचार्य मात्र हरलेले नाहीत. यंत्र स्वतःच्या खांद्यावर चढतच नाही. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक इवलासा प्रोग्रॅम असतो, बूट रॉम. तो थोड्या मोठ्या लोडरला उचलतो, लोडर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उचलतो आणि कर्नल मूळ फाइलव्यवस्थेला. पहिला खांदा कायम दुसऱ्याचाच.

त्या मधल्या लोडरपाशी या गोष्टीत समुद्र शिरतो. छोट्या लिनक्स यंत्रांत सर्वांत जास्त भेटणारा लोडर म्हणजे यू-बूट. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याच्या पीपीसीबूट प्रकल्पाचं २००२ मध्ये हे नवं बारसं झालं. ‘यू’ युनिव्हर्सलचा, असं सांगतात, पण नावापुढे ‘दास’ लावतात तेव्हा खोडी उघडी पडते, कारण जर्मनमध्ये ‘दास ऊ-बोट’ म्हणजे पाणबुडी. लिहिताना तो शब्द इंग्रजी बुटासारखाच दिसतो, पण नातं काडीचं नाही. इंग्रजी बूट जुन्या फ्रेंचमधून आलेला. जर्मन शब्द इंग्रजी बोटीचा भाऊबंद, उच्चारही ‘बोट’च. म्हणजे रेवसच्या धक्क्याला लागणारी बोट आणि राउटरच्या चिपमधलं ऊ-बोट एकाच कुळातली. आपण तिला ‘यू-बूट’ म्हणून उगाच चपलांच्या फळीवर नेऊन ठेवतो.

पाणबुडीचं नाव रायगडच्या किनाऱ्याला परकं नाही. थळच्या समोर पाण्यात खांदेरी आहे, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकासमोर बांधायला घेतलेला किल्ला. त्याचं नाव नौदलाने १९६८ मध्ये एका पाणबुडीला दिलं आणि ती निवृत्त झाल्यावर माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुडीला. ही दुसरी ‘खांदेरी’ २८ सप्टेंबर २०१९ ला नौदलात दाखल झाली.

एकमेकांना परक्या दोन शब्दांनी एकच रूप घेणं या किनाऱ्याला नवं नाही. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गला’तून आला, गलबताचा नांगर फारसी ‘लंगर’मधून. एक जमीन उकरतो, दुसरा तळ धरून बसतो. शेत नांगरतात आणि होडीही नांगरतात, तरी आजवर कुणी होडीला बैल जुंपले नाहीत. कर्नलचंही तसंच. फौजेतला कर्नल इटालियन ‘कोलोनेल्लो’पासून आला, लिनक्समधला कर्नल जुन्या इंग्रजीत बारीक दाणा किंवा बी. श्रीवर्धनच्या वाडीतल्या माणसाला तो सांगायचा तर नारळ फोडावा. आतलं खोबरं कर्नल आणि करवंटी शेल; आज्ञा घेणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमला ‘शेल’ हे नाव लुई पूझाँने १९६० च्या दशकात खरोखरच दिलं होतं.

आता यूएसबी. छोट्या यंत्रांतल्या मेमरी कार्डावर सतत लिहिलं की ते झिजतं, आणि लिहितानाच लाईट गेली की वरचा मजकूर बिघडू शकतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला याच किनाऱ्यावर धडकलं; पण लाईट जायला इथे वादळ लागत नाही. म्हणून पुष्कळजण यंत्र बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरून बूट करतात. निदान तसं म्हणतात. बूट रॉमला यूएसबी कळतेच असं नाही. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणकात त्यासाठी एक खूण कायमची जाळून ठेवावी लागते, ती परत पुसता येत नाही. पाय ४ मध्ये क्रम लिहिता येतो: ०एक्सएफ४१. तो उर्दूसारखा उजवीकडून वाचायचा; १ म्हणजे आधी कार्ड, ४ म्हणजे मग यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. जिथे हीही सोय नसते तिथे लोडर आणि कर्नल कार्डावरच राहतात, फक्त मूळ फाइलव्यवस्था, म्हणजे रूट, ड्राइव्हवर जाते. बोलताना ‘यूएसबीवरून बूट’, प्रत्यक्षात ‘यूएसबीवर रूट’.

रूटही मराठीत दुहेरीच. झाडाचं मूळ ते रूट आणि एसटीचा रस्ता तोही रूट. दुरुस्तीवाला ‘रूट सापडत नाही’ म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ चालून जातात. ड्राइव्ह जागी व्हायला सेकंद-दोन सेकंद घेते, कर्नल तेवढाही दम धरत नाही आणि घाबरून थांबतो. त्या अवस्थेचं अधिकृत नावच कर्नल पॅनिक. इलाज एका शब्दाचा आहे. बूटच्या ओळीत ‘रूटवेट’ लिहायचं, की ड्राइव्ह दिसेपर्यंत कर्नल वाट पाहतो. ड्राइव्ह लावायलाच विसरला असाल तर जन्मभर पाहतो.