हँडेलच्या कपाटातला विवाल्डी

१९७३ साली मायकेल टॅलबॉट या संगीत-अभ्यासकाला इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक हस्तलिखित आढळले. अंतोनियो विवाल्डीचे व्हायोलिनसाठी लिहिलेले बारा सोनाटा त्यात होते. काही इतर प्रतींमधून अभ्यासकांना ठाऊक होते, काही अगदी नवे होते. आज हे बारा ‘मँचेस्टर सोनाटा’ म्हणून जगभर वाजवले जातात. विवाल्डीने मात्र मँचेस्टर कधी पाहिले नव्हते.

हस्तलिखित ‘सापडले’ म्हटले की डोळ्यांसमोर पडका वाडा, माळ्यावरची पेटी आणि धूळ येते. इथे तसे काहीच नव्हते. १९६५ पासून हे कागद एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीचे होते. मग ते हरवले होते म्हणजे नेमके काय झाले होते?

उत्तरासाठी कागदांचा प्रवास पाहावा लागतो. त्यांचा पहिला ज्ञात मालक म्हणजे रोममधला कार्डिनल पिएत्रो ओत्तोबोनी. कोरेलीसारख्या संगीतकाराला आश्रय देणारा हा रसिक जन्माने व्हेनिसचा होता. १७२६ मध्ये तो आपल्या जन्मगावी आला, त्या सुमारास ही प्रत त्याच्यासाठी तयार झाली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रसिकता आणि उधळपट्टी दोन्ही त्याच्या घरी सुखाने नांदत होत्या. १७४० मध्ये तो वारला तेव्हा मागे कर्जाचा डोंगर होता, आणि त्याचा संग्रह विकला गेला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात विवाल्डीही गरिबीत गेला.

इंग्लंडमध्ये चार्ल्स जेनेन्स नावाचा एक श्रीमंत जमीनदार होता. हँडेलच्या ‘मेसाया’ची संहिता बायबलमधून जुळवली ती यानेच. त्याचा मित्र एडवर्ड होल्ड्सवर्थ इटलीत हिंडत असे. त्याने ओत्तोबोनीच्या संग्रहातली संगीताची हस्तलिखिते जेनेन्ससाठी विकत घेऊन पाठवली. ती पोचल्यावर जेनेन्सने त्याला कळवले की हँडेल त्यातल्या डझनभर रचना उसन्या घेऊन गेला आहे, आणि त्यातले काही चोरताना मी त्याला पकडणार हे नक्की. या थट्टेवरून त्या घरात मान कोणाचा होता हे कळते. जेनेन्सने आयुष्यभर हँडेलच्या रचनांच्या नकला करवून घेऊन जमवल्या. इटलीहून आलेले कागद त्यांच्याच शेजारी राहिले.

१७७३ मध्ये जेनेन्स वारला आणि हा ठेवा त्याचे नातलग असलेल्या एल्सफर्डच्या उमराव घराण्याकडे गेला. १९१८ मध्ये त्याचा लिलाव झाला. त्यातला मोठा भाग न्यूमन फ्लॉवर या प्रकाशकाने मिळवला. फ्लॉवर हँडेलचा चरित्रकार होता आणि त्याला हवा होता तो हँडेल. त्याच्या मृत्यूनंतर मँचेस्टरच्या ग्रंथालयाने तो संग्रह घेतला, तोही हँडेलचा म्हणूनच नावाजलेला. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात, तशी ही विवाल्डीची यात्रा होती. हँडेलवर प्रेम करणाऱ्यांनी जपले म्हणून तो टिकला, आणि ते हँडेलवरच प्रेम करत होते म्हणून तो दिसला नाही.

दोष केवळ त्यांना देता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात विवाल्डीचे नाव निघे ते बहुतेक बाखच्या निमित्ताने, कारण बाखने त्याच्या कॉन्चेर्तोंची रूपांतरे केली होती. हे चित्र बदलले ते १९२६ नंतर. इटलीतल्या एका पाद्री-विद्यालयाकडची हस्तलिखिते विकण्याची वेळ आली, आणि आल्बेर्तो जेंटिली या अभ्यासकाला त्यांत विवाल्डीचा मोठा ठेवा दिसला. पुढे त्या ठेव्याचा दुसरा भागही शोधून काढण्यात आला. फोआ आणि जोर्दानो या दोन गृहस्थांनी आपापल्या दिवंगत लहानग्या मुलाच्या स्मरणार्थ पैसे दिले आणि दोन्ही भाग तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आले. त्यानंतर विवाल्डी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. त्याच्यासाठी कपाटे उघडणारी माणसे तयार झाली, तेव्हा कुठे मँचेस्टरचे कपाट बोलले.

पण कागद मिळाला म्हणजे संगीत मिळाले असे नाही. या सोनाटांच्या पानावर दोनच ओळी असतात, वर व्हायोलिनची आणि खाली मंद्र सुरांची. मधली सगळी जागा रिकामी. खालच्या ओळीवरून स्वरमेळ उभे करणे हे हार्प्सिकॉर्ड किंवा थिऑर्बो वाजवणाऱ्याचे काम, आणि संथ भागातली नक्षी बरीचशी व्हायोलिनवादकावर सोपवलेली. बंदिशीच्या वहीत अस्ताई-अंतरा लिहिलेला असतो, ख्याल नसतो, हे ज्याला माहीत आहे त्याला ही अडचण लगेच समजेल. फरक एवढाच की युरोपात ही शिकवण मध्येच तुटली होती. विसाव्या शतकातल्या वादकांनी अठराव्या शतकातले शिक्षणग्रंथ वाचून, आतड्याच्या तारा आणि जुन्या घडणीचे गज वापरून ती पुन्हा उभी केली.

१९९०च्या दशकात ‘रोमानेस्का’ या तिघांच्या मेळाने हे बारा सोनाटा ध्वनिमुद्रित केले. अँड्र्यू मान्झीचे व्हायोलिन, जॉन टोलचा हार्प्सिकॉर्ड आणि नायजेल नॉर्थची ल्यूट घराण्यातली तंतुवाद्ये. त्याच दशकात इटलीच्या फाबिओ बिओंदीने आपल्या साथीदारांसह तेच सोनाटा मुद्रित केले. दोन्ही पाठोपाठ ऐकावेत. पानावरच्या दोन ओळी त्याच, पण मधली रिकामी जागा प्रत्येक मेळाने आपल्या रीतीने भरलेली ऐकू येते.

मैफलीच्या पत्रिकेवर ‘नव्याने गवसलेल्या रचना’ असे छापलेले असते, तेव्हा त्या एका शब्दात दोन वेगवेगळे शोध दडलेले असतात. कागदाचा शोध १९७३ साली लागला. वादनाचा शोध दर मैफलीत लावावा लागतो, आणि तोही हरवू शकतो.