निपाणीत ऐकलेली मैना

1957 चा डिसेंबर. निपाणीत तंबाखूच्या वखारीमागच्या पटांगणात तुम्ही येऊन बसता आणि बसल्याबसल्या ठसका लागतो. तंबाखूचा खाट हवेत आहे, शेजारच्या बाईच्या लुगड्याला आहे, अंगाखालच्या गोणपाटालाही आहे. तिच्या मांडीवर सूप, सुपात बिडीची पानं आणि जर्दा. गाणं ऐकायला आली तरी हात चालूच: पान कापायचं, चिमूट भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा.

गेल्या साली 1 नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. घर तेच, विहीर तीच, राज्य बदललं. त्याआधीच्या जानेवारीत या बदलाला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला होता. त्यात बेळगावची माणसं गेली, निपाणीच्या कमळाबाई मोहिते गेल्या. या पटांगणात ते नाव कुणाला सांगावं लागत नाही.

गॅसबत्ती पेटते. डफावर थाप पडते, तुणतुणं लागतं. गाणारी पोरं गावातलीच, पण गाणं अण्णा भाऊ साठ्यांचं आहे: 'माझी मैना गावावर राहिली'. लहानपणी वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेल्या, गिरणीत राबलेल्या माणसाची ही छक्कड. इथं तबकडी नाही. एकानं ऐकायचं, घोकायचं आणि पुढच्या गावात गायचं, असा या गाण्याचा प्रवास.

सुरुवातीला तुम्हाला ती साधी विरहाची लावणी वाटते. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी, मागं राहिलेली बायको, तिचं रूप, निरोपाची घालमेल. बाया पदराआड हसतात. मग मुंबई येते, तिथली श्रीमंती आणि तिथलेच उपाशी. मग मोर्चे, लढा. डफ चढत जातो आणि शाहीर एकदम गावांची नावं घेतो: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. शेजारची बाई तुम्हाला कोपरानं ढोसते.

"बेळगाव म्हनला न्हवं?"

"व्हय, मावशी."

"आमचंच म्हनतोय की!"

अण्णा भाऊंनी बायकोची ताटातूट आणि मुलखाची ताटातूट एकाच दाव्याला बांधली. माझ्या मते मराठीत राजकीय गाणं याहून उंच गेलेलं नाही. त्यात घोषणा आहे, पण ती येते तोवर तुमचा गळा आधीच दाटलेला असतो. आणि निपाणीत त्याचा अर्थच फिरतो. परळच्या चाळीत ऐकणारा गिरणी कामगार स्वतःला त्या गड्याच्या जागी पाहतो. इथं ऐकणारा मैनेच्या जागी आहे. मागं राहिलेलं माणूस तो स्वतः आहे. मावशीचा नवरा परगावी गेलेला नाही, ती स्वतः हललेली नाही, तरी गाणं तिचंच.

आता डोळे उघडा. 1969 च्या जुलैत अण्णा भाऊ गेले. 'लाल बावटा कलापथका'तले त्यांचे जोडीदार अमर शेख पुढच्याच महिन्यात गेले. शाहीर विठ्ठल उमपांच्या आवाजात ही छक्कड नंतर घराघरांत पोचली. त्या गोळीबारात गेलेल्यांसाठी बेळगावच्या हुतात्मा चौकात दर 17 जानेवारीला माणसं जमतात. 2004 साली महाराष्ट्रानं दाखल केलेला सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

उमपांची मैना तुमच्या मोबाइलवर असेल, तर आज रात्री ती लावा. मैनेच्या रूपापाशी थांबू नका. बेळगावचं नाव येईपर्यंत ऐका.